मापमास्तर

टायपिंग शिकायला आलेल्या नव्या माणसाला आमचे मास्तर पहिल्या दिवशी मशीनला हात लावू देत नसत. ते त्याचं माप घेत. खिशातून शिंप्याची टेप काढायची, त्याला स्टुलावर ताठ बसवायचं आणि कोपरापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजायचं. मग गुडघ्यापासून टाचेपर्यंत, मग डोळ्यापासून कागदापर्यंत. मुलींचं माप ते स्वतः घेत नसत, सोबत आलेल्या बाईच्या हाती टेप द्यायचे आणि पाठ करून उभे राहून आकडे लिहून घ्यायचे. मला घेऊन आलेल्या माझ्या आत्याने टेप हातात धरून विचारलं होतं, "हे टायपिंग शिकवायचं ठिकाण आहे की शिंप्याचं दुकान?"

मास्तर भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले, "बाई, शर्ट अंगाले झाला नाई तं दुसरा शिवता येते. पाठ दुसरी शिवता येत नाई."

पन्नासचं दशक नुकतंच संपलं होतं. मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते. आमचं घर चांदूर रेल्वेला. सकाळच्या पॅसेंजरने बडनेरा, तिथून गाडी बदलून अमरावती, आणि स्टेशनपासून पायी वर्गाच्या माडीवर. खाली कापडाचं दुकान, वर लाकडी जमिनीची लांबट खोली, त्यात आठ मशीनं. सकाळी सातपासून दर तासाला नवी बॅच यायची. म्हणजे एकेका मशीनवर दिवसभरात आठ-दहा जण बसून जायचे. कोणी वकिलाकडे लागायच्या आशेने आलेला, कोणी कचेरीत, कोणी आधीच नोकरीत असलेला पण सर्टिफिकेट नसल्यामुळे अडकलेला.

मास्तरांना कोणाची नावं लक्षात राहत नसत. ते गावांवरून हाक मारत. मी 'चांदूर'. माझ्या शेजारच्या मशीनवर 'मोर्शी', पलीकडे 'दर्यापूर'. एका गावचे दोघे आले की 'थोरलं अचलपूर' आणि 'धाकलं अचलपूर'. आम्ही मात्र त्यांच्या पाठीमागे त्यांना मापमास्तर म्हणायचो, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

त्या माडीवर दाराजवळ एक फळी होती. फळीवर खिळे, आणि प्रत्येक खिळ्याला एक पुठ्ठ्याची चिठ्ठी. ज्याची त्याची. तिच्यावर लिहिलेलं असायचं की स्टुलाखाली किती फळ्या, मशीन टेबलाच्या कडेपासून किती बोटं आत, मार्जिन कुठे, टॅब म्हणजे ओळीत उडी मारून थांबायची जागा कुठे, कळा कडक हव्यात की हलक्या. आलं की आपली चिठ्ठी काढायची, रिकामं असेल ते मशीन घ्यायचं आणि चिठ्ठीप्रमाणे लावायचं. तास संपला की सगळं पुन्हा मुळात जसं होतं तसं करून उठायचं. या दुसऱ्या गोष्टीबाबत मास्तर फार कडक होते. एकदा दर्यापूरवाला तसाच उठून गेला, तर त्याला जिन्यावरून परत बोलावलं.

"तुह्यामागून बसली त्या पोरीचं अर्धं पान तुह्या टॅबवर वाया गेलं," ते म्हणाले. "तुले पाहिजे तसं लाव, मी नाई म्हणत नाई. पण तुहं तुह्यासंगं घेऊन जा."

चिठ्ठीवर काय लिहायचं ते शेवटी ज्याचं त्याने ठरवायचं. माप मास्तर घ्यायचे, सल्ला द्यायचे, पण सक्ती नाही. ज्याला काही सुचत नसेल त्याच्यासाठी त्यांनी एक साधी चिठ्ठी करून ठेवली होती. "हे माही बैठक. तुले तुही सापडेपर्यंत हे वापर," असं सांगून ती द्यायचे. निम्म्याहून अधिक मुलं शेवटपर्यंत तीच वापरायची आणि त्यांचं काही अडत नसे.

मला मात्र पहिल्याच आठवड्यात शहाणपण सुचलं. उंच स्टुलावर बसलेली बाई एखाद्या साहेबिणीसारखी दिसते असं माझ्या डोक्यात बसलं होतं. मी चार फळ्या लिहिल्या. मास्तरांनी चिठ्ठी वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता चार फळ्या आणून दिल्या. पाचव्या दिवशी मान अशी धरली की गाडीत मला खिडकीकडे वळून बसता येईना. सहाव्या दिवशी मी गुपचूप दोन फळ्या काढल्या आणि चिठ्ठीवर खाडाखोड केली. मास्तर मागेच उभे होते.

"तुम्हाला माहीत होतं ना?" मी जरा चिडूनच विचारलं. "मग सांगितलं काहून नाही?"

"सांगतलं असतं तं तू ऐकून घेतलं असतं," ते म्हणाले. "मंग तुले काय समजलं असतं?"

मोर्शीचं नाव सुखदेव. मोर्शीच्या पुढच्या एका खेड्यातला. वडील दुसऱ्याच्या संत्र्याच्या बागेत मजुरीला. घर तीन-चार वर्षांपूर्वी बौद्ध झालेलं. सुखदेव घरातला पहिला मॅट्रिक. लहानपणी चुलीवरच्या उकळत्या भांड्यात उजवा हात गेला होता, आणि त्या हाताची शेवटची दोन बोटं आखडून तळव्याकडे वळलेली राहिली होती. दुसऱ्या एका टायपिंगच्या वर्गाने त्याला दारातूनच परत पाठवलं होतं. आमच्या मास्तरांनी त्याचा हात बराच वेळ आपल्या हातात धरून पाहिला, एकेक बोट हलवून पाहिलं.

"आठ बोटं आहेत," ते म्हणाले. "पुष्कळ झाली. पण माह्या पुस्तकात तुह्यासाठी काही लिहिलेलं नाई. आपल्यालेच लिहा लागन."

आणि त्यांनी लिहिलं. कोणती कळ कोणत्या बोटाने, हे सगळं सुखदेवसाठी नव्याने बसवलं. त्याचं मशीन उजवीकडे थोडं तिरपं, खाली लाकडाची एक पाचर, स्टूल चार बोटं डावीकडे. तिसऱ्या नंबरच्या मशीनच्या कळा सगळ्यांत हलक्या होत्या, म्हणून तेवढं त्याच्या तासाला त्याच्यासाठी राखून ठेवलेलं. दोन महिने तो रडकुंडीला येऊन टाइप करायचा. तिसऱ्या महिन्यात त्याचा वेग माझ्यापुढे गेला, आणि मला त्याचा राग आला हेही कबूल करते.

सरावासाठी आम्हाला नोकरीचे अर्ज टाइप करायला देत. त्यात जात-धर्माचा रकाना असायचा. सुखदेवने तिथे 'बौद्ध' असं इंग्रजीत टाइप केलं तेव्हा थोरलं अचलपूर वाकून म्हणालं, "अरे, जुनंच टाक. नोकरी लवकर लागन." बौद्ध लिहिलं की सवलती जातात, अशी चर्चा त्या काळात जिकडेतिकडे चालायची. सुखदेवचे हात थांबले. मास्तर तिकडून आले.

"काय झालं, मोर्शी?"

"काही नाही सर. धर्माचं विचारून राहिला तो."

मास्तरांनी कागद पाहिला. "स्पेलिंग बरोबर आहे. पुढं चाल," ते म्हणाले, आणि थोरल्या अचलपूरला म्हणाले, "तू तुह्या कागदाकडं पाह्य."

मास्तर हा वर्ग चालवत असले तरी तो त्यांचा नव्हता. मशीनं आणि माडी एका मालकाची. मालक माणूस वाईट नव्हता, पण त्याला एकसारखेपणाची आवड होती. दर तासाला पाच मिनिटं फळ्या सरकवण्यात आणि मार्जिनं बदलण्यात जातात, पाहुणा आला तर आठ मशीनं आठ तऱ्हेने लावलेली दिसतात, हे त्याला खुपायचं. "शिस्त नाही राहत मास्तर," तो म्हणायचा. एका रविवारी त्याने सुतार बोलावून आठही स्टुलं लाकडी जमिनीला स्क्रूने पक्की करून टाकली.

सोमवारी आम्ही पोहोचलो तर मास्तर खोलीच्या मध्ये उभे. मला वाटलं आता भांडण होणार. ते फक्त म्हणाले, "स्टूल हालत नाई म्हणता, तं आता माणूस हालवू." दुसऱ्या दिवशी त्यांनी रिकामी पोती घड्या घालून आणली. कोणाला दोन घड्या, कोणाला चार. मागे टेकायला कोणाला उशी. आम्हीही घरून काही ना काही आणू लागलो. माझ्या आत्याने जुन्या लुगड्याची छोटी गादी शिवून दिली. चिठ्ठ्यांवर 'फळ्या' खोडून 'घड्या' लिहिलं गेलं.

त्या वर्षी आमच्या परीक्षेचं केंद्र अकोल्याला आलं. तिथली मशीनं वेगळी, कळा कडक. मास्तर आधी एकटे जाऊन पाहून आले आणि दोन दिवस त्यांचं कशात लक्ष नव्हतं. परीक्षेच्या छापील सूचनांत लिहिलं होतं की उमेदवाराने स्वतःचं मशीन आणलं तरी चालेल. सुखदेवकडे कुठलं स्वतःचं मशीन? मास्तर मालकाकडे गेले. आम्ही चौघं-पाच जण जिन्यावर उभे राहून ऐकत होतो.

"तीन नंबरचं मशीन एका दिवसासाठी अकोल्याले नेतो," मास्तर म्हणाले.

"मशीन माडीखाली उतरणार नाही," मालक म्हणाला. "एकासाठी उतरवलं तर उद्या सगळे मागतील."

"सगळ्याहीले नाई लागत. एकाले लागते."

"आणि बिघडलं तर?"

"माह्या मांडीवर ठेवून नेतो. संध्याकाळी जागेवर आणून ठेवतो."

"नेलंत तर परवापासून येऊ नका, मास्तर. मी सांगून ठेवतो."

मग मास्तरांचा नेहमीचा आवाज आला. "बरं. मीही सांगूनच नेऊन राहिलो. चोरून नाई नेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी बडनेऱ्याच्या फलाटावर आम्ही सगळे अकोल्याच्या गाडीची वाट पाहत उभे होतो, आणि मास्तर सतरंजीत गुंडाळलेलं ते अवजड मशीन पोटाशी धरून बाकावर बसले होते. सुखदेव दोनदा म्हणाला, "सर, मी धरतो." दोन्ही वेळा मास्तर म्हणाले, "तुह्या हाताले आज दुसरं काम आहे." गाडीत त्यांना बसायला जागा मिळाली, पण अकोला येईपर्यंत त्यांच्या दोन्ही मांड्या बधिर झाल्या. उतरल्यावर ते काही वेळ खांबाला धरून उभे राहिले.

परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षकांनी मशीनला हरकत घेतली नाही. नियमात होतं. पण सुखदेवने खाली पाचर सरकवली तेव्हा ते थांबले. "हे लाकूड काढा. सगळ्यांची मशीनं सरळ राहतील."

मास्तर दारात होते. ते आत आले नाहीत, उंबऱ्यावरूनच म्हणाले, "साहेब, त्याचा हात सरळ नाई. मशीन सरळ ठेवून कसं जमन?"

"एकाला सवलत दिली तर सगळे मागतील."

मालकाचंच वाक्य. मी माझ्या जागेवर बसून ते ऐकलं आणि मला वाटलं, संपलं.

"मागू द्या," मास्तर म्हणाले. "मी सात वर्षांपासून विचारून राहिलो साहेब, प्रत्येकाले, तुले काय पाहिजे म्हणून. लोक नाई मागत हो. ज्याले खरंच लागते तोच मागते. बाकीच्याहीले आहे तेच बरं वाटते."

पर्यवेक्षक बऱ्यापैकी वयस्क गृहस्थ होते. त्यांनी सुखदेवच्या हाताकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "टेबलाच्या वर काय आहे तेवढं मी तपासतो," ते म्हणाले. "मशीनच्या खाली वाकून पाहायला माझी कंबर साथ देत नाही." आणि ते पुढच्या रांगेकडे गेले.

सुखदेव पास झाला. मीही झाले, पण त्याच्याहून कमी मार्कांनी. निकाल लागला तेव्हा मास्तर अमरावतीत नव्हते. परीक्षेच्या संध्याकाळीच त्यांनी मशीन जागेवर ठेवलं, पुसलं, त्यात तेल घातलं, टेप खिशात टाकली आणि किल्ली मालकाच्या माणसाकडे दिली. आम्ही जिन्याखाली उभे होतो. धाकलं अचलपूर रडायला लागलं तेव्हा मास्तर म्हणाले, "काहून रडून राहिला? तुह्या चिठ्ठ्या आहेत न फळीवर. मी असलो काय, नसलो काय." दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तर फळीवर नुसते खिळे होते.

मास्तरांची सासुरवाडी अकोल्याची. ते तिकडेच गेले आणि कोर्टाच्या आवारात एक जुनं मशीन घेऊन लोकांचे अर्ज टाइप करून देऊ लागले. सुरुवातीला मी पत्र लिहायचे, त्यांची दोन ओळींची उत्तरं यायची. मग माझं लग्न झालं, नोकरी लागली, बदल्या झाल्या, आणि पत्रं बंद झाली. सुखदेव अमरावतीला सरकारी कचेरीत लागला होता. तो मात्र वर्षातून एकदा अकोल्याला जाऊन त्यांना भेटून यायचा.

तीस वर्षं गेली. टायपिस्ट म्हणून लागलेली मी अमरावतीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या कॉम्प्युटर विभागात येऊन पोहोचले होते. केसांत पांढरं आल्यावर मी युनिक्स ही कॉम्प्युटर चालवायची प्रणाली शिकले, तरुण मुलांसोबत बाकावर बसून. विभागात वर्कस्टेशनं म्हणतात ते नवे, ताकदीचे कॉम्प्युटर आले होते. मशीनं बारा आणि वापरणारे अडीचशे विद्यार्थी. त्या सगळ्यांची खाती सांभाळणं हे माझं काम. नवे विभागप्रमुख हुशार आणि कामाचे होते. त्यांनी ठरवलं की लॉगिन केलं की सगळ्यांना एकच वातावरण दिसेल. तोच पडदा, त्याच खिडक्या, तीच अक्षरं. कोणी काही बदलायचं नाही. "एकाला मोकळीक दिली की सगळे मागतील, मॅडम," ते म्हणाले, "आणि निस्तरायचं तुम्हालाच."

ते वाक्य तिसऱ्यांदा ऐकताना मला हसू आलं, आणि त्यांना ते आवडलं नाही. मग मी त्यांना मास्तरांची गोष्ट सांगितली. सगळी नाही, कामापुरती. म्हटलं, प्रत्येकाची निवड त्याच्या स्वतःच्या खात्यात राहील. तो बारापैकी कुठल्याही मशीनवर बसला तरी त्याचं त्याला मिळेल, आणि उठला की मशीन पुढच्यासाठी कोरं. ज्याला निवडायचं नाही त्याला आपण ठरवलेलं साधं वातावरण. आणि कोणी आपलं वातावरण पार बिघडवून ठेवलं तर आत शिरायला लॉगिनच्याच पडद्यावर एक साधी वाट ठेवू, म्हणजे त्याचं तो दुरुस्त करेल. एक सत्र करून पाहू, नाही जमलं तर तुमचं खरं.

जमलं. अडीचशेपैकी दीडशेहून जास्त मुलांनी काहीच बदललं नाही. काहींनी पडदा इतका रंगीत केला की आठ दिवसांत त्यांनाच वाचता येईना, आणि ते मुकाट्याने साध्या वाटेने आत शिरले. दोन मुलांची नजर अधू होती. त्यांनी अक्षरं मोठी केली आणि ती पहिल्यांदाच शेजाऱ्याला न विचारता काम करू लागली.

मी हे सुखदेवला सांगितलं. तो अजून त्याच कचेरीत होता. पुढच्याच रविवारी तो अकोल्याला गेला आणि मास्तरांना घेऊन आला. सत्तरी ओलांडलेली, पाठ वाकलेली, डोळ्यांवर जाड चष्मा. बायको वारल्यापासून ते मुलाकडे राहत. मुलगा-सून चांगले होते, असं सुखदेवने मला आधीच सांगितलं होतं. जेवणखाण, औषधपाणी सगळं वेळेवर.

मी त्यांना एका वर्कस्टेशनसमोर बसवलं, त्यांच्या नावाचं खातं उघडलं आणि विचारलं, "मास्तर, तुम्हाला कसं पाहिजे?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, प्रश्न ऐकू आला नाही.

"तसं मले कोणी विचारलंच नाई, चांदूर," ते म्हणाले. "आता काय सांगू?"

"माझं लावून देऊ का? तुमचं सापडेपर्यंत."

त्यावर ते हसले. मग हळूहळू सुरू झाले. अक्षरं मोठी कर. अजून मोठी. पांढरा रंग डोळ्याले लागून राहिला, जुन्या कागदावानी पिवळट आहे काय? आहे? मंग ते कर. आणि हे टुंई-टुंई वाजते ते बंद कर. खुर्ची जरा खाली घे. सुखदेवने खुर्ची खाली घेतली. मास्तरांनी कळांवर बोटं ठेवली. कळा त्याच होत्या, त्याच जागी. त्यांनी इंग्रजीत आपलं पूर्ण नाव टाइप केलं, न बघता, एकही चूक न करता.

"मी उठलो की हे पुसलं जाईन?"

"नाही. तुम्ही कुठेही बसा, हेच येईल."

त्यांचा विश्वास बसला नाही. ते उठले, तिसऱ्या रांगेतल्या मशीनवर जाऊन बसले. मी त्यांचं नाव आणि परवलीचा शब्द भरून दिला. पिवळट पडदा आला, मोठी अक्षरं आली. मास्तर मागे टेकून नुसतं पाहत राहिले. मग पुन्हा उठून दुसऱ्या मशीनवर गेले. असं त्यांनी पाच मशीनांवर करून पाहिलं. सुखदेव आणि मी दाराशी उभे होतो आणि एकमेकांकडे पाहत नव्हतो.

त्यानंतर आठेक महिन्यांनी ते गेले. सुखदेवचा फोन आला, पण माझ्या घरी आजारपण होतं, मला लगेच जाता आलं नाही. तेराव्यानंतर मी अकोल्याला गेले. जठारपेठेत मुलाचं नीटनेटकं घर. सून माझ्याशी फार मोकळेपणाने बोलली.

"अमरावतीहून आले न, त्या दिवशीची गोष्ट," ती म्हणाली. "बाबांची खाट आतल्या खोलीत होती. तिथं उकडत नाही, आवाज नाही, म्हणून आम्हीच तिथं टाकलेली. त्या दिवशी आले अन् म्हणाले, सूनबाई, माही खाट बाहेर व्हरांड्यात टाका. तोंड फाटकाकडे. मी म्हटलं, बाबा, रस्त्याचा गलका होईन. तं म्हणाले, तोच पाहिजे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा काही मागितलं त्यांनी. मी म्हटलं, आधी काहून नाही सांगितलं? तं म्हणे, तुमी विचारलं नाई अन् मलेही सुचलं नाई."

"मग टाकली?"

"लगेच. ह्यांनी अन् मी दोघांनी धरून. आठ महिने तिथंच होते. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस बोलून जायचा त्यांच्याशी. शेवटचं पाणीही तिथंच पाजलं."

खाट अजून व्हरांड्यातच होती. तिने तिच्यावरची चादर झटकली आणि मला बसा म्हणाली. मी बसले. समोर फाटक होतं, फाटकापलीकडे रस्ता. सायकलवर दुधाचे डबे बांधलेला एक माणूस जाता जाता थांबला, खाटेकडे पाहिलं, आणि मला ओळखत नसतानाही मान हलवून पुढे गेला.